प्रोटीन लाडूचं पाकीट: गॅस नसलेल्या खोलीतून

आमच्या पीजीत स्वयंपाकाला बंदी आहे. इंडक्शन सापडलं की जप्त, मिक्सर फिरला की मालकीणबाई जिन्यात हजर. चालते ती फक्त पाण्याची केटली. त्यामुळे ‘भाजणं नाही, शिजवणं नाही, १५ मिनिटांत प्रोटीन लाडू’ असं पाकीट मोबाइलवर दिसलं तेव्हा हे आपल्यासाठीच काढलंय असं वाटलं. ३०० ग्रॅम, ४४९ रुपये, वर बारा खणांचा सिलिकॉनचा साचा फुकट. कंपनीचं नाव राहू दे.

पहिली खेप माझ्याच घाईनं गेली. कृतीत कोमट पाणी लिहिलंय, मी केटलीतलं उकळतं ओतलं. मिश्रणात व्हे प्रोटीन आहे आणि त्याला कडक पाणी सोसत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखं ते आळून बसतं. चमच्याला रबरासारख्या गुठळ्या लटकल्या. अर्धं पाकीट बादलीत.

उरलेल्या अर्ध्याचे सहा लाडू मात्र नीट वळले. कोकोची चव बरी आहे. पण साखरेऐवजी जे काही घातलंय, त्याचा गोडवा जिभेवरून हलत नाही. दात घासले तरी होताच. चौथ्या दिवशी फ्रिजमधला लाडू स्टीलच्या डब्यात टाकला तर टण्ण वाजला.

आता आकडे. पुढे ठळक अक्षरांत ‘एका लाडवात १० ग्रॅम प्रोटीन’. मागे बारीक टाइपात कळतं की १०० ग्रॅम मिश्रणात प्रोटीन ३० ग्रॅम, म्हणजे अख्ख्या पाकिटात ९०, आणि लाडू बारा. मग दहा कुठून? तर कृतीप्रमाणे १०० ग्रॅम पीनट बटर आपण आपलं घालायचं, त्यातले २५ ग्रॅमही यांनी आपल्या खात्यात धरलेत. दाणे माझे आणि जाहिरात यांची!

आईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. मग बार्शीहून एसटीच्या पार्सलनं पंढरपुरी डाळ्याचं पीठ आणि दाण्याचं कूट आलं. १५० ग्रॅम कूट, १०० ग्रॅम पीठ, १५० ग्रॅम बिनबियांचा मऊ खजूर. मी खजूर पाण्यात भिजवणार, तेवढ्यात ती ओरडली, “अरे, पाणी लावू नकोस, दोन दिवसांत वास येईल! तुपाचा हात घे आणि मळ.” पिशवीत बांधलेला खजूर केटलीतल्या गरम पाण्यावर पाच मिनिटं शेकला आणि मळायला घेतला. मळायला वीस मिनिटं लागली, मनगट भरून आलं, पण कूट तेल सोडायला लागलं तसा गोळा आपोआप धरला. चौदा लाडू झाले.

माझ्या हिशेबानं एकात प्रोटीन साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. पाकिटाच्या निम्म्याहून कमी, हे मान्य करायला हवं. ज्याला जिमनंतर मोजून प्रोटीन हवंय त्याचं यात भागणार नाही. पण लाडू पडला सात-आठ रुपयांना. पाकिटाचा, पीनट बटर धरून, चाळीसच्या वर जातो. आणि माझा रूममेट, जो पाकिटातला अर्धा लाडू ठेवून उठला होता, त्यानं हे चार एका बैठकीत संपवले.

पाकिटाला पाचपैकी दोन. त्यातला एक निव्वळ साच्याला: डाळ्याचे लाडू आता त्यातच दाबतो, सगळे एका मापाचे निघतात.