अपडेटने फोनमधली सोय गेली: थांबायचं, मागे जायचं, भरपाई घ्यायची की तक्रार करायची?

फोन घेताना आपण यंत्राचे पैसे देतो आणि ते यंत्र जी कामं करेल असं सांगितलं गेलं, त्या कामांचेही देतो. यंत्र आपल्याकडे राहतं. कामं मात्र पुढे कधीही एखाद्या अपडेटमधून कमी होऊ शकतात. बॅटरी अर्ध्यावर येते, एखादा पर्याय सेटिंगमधून गायब होतो, आणि अपडेटच्या माहितीत एवढंच लिहिलेलं असतं की 'सिस्टीमची स्थिरता सुधारली'.

माझं मत आधीच सांगतो. अटी मान्य करून पुढे गेलो, म्हणजे जाहिरात करून विकलेली सोय परत न्यायला आपण परवानगी दिली, हे मला मान्य नाही. आपला ग्राहक कायदाही इतका दुबळा नाही. पण असं झाल्यावर बहुतेक लोक एक तर वैतागून गप्प बसतात, नाही तर यूट्यूब बघून फोनमध्ये दुसरी रॉम (कंपनीच्या सिस्टीमऐवजी बसवायची बाहेरची सिस्टीम) टाकायला घेतात. यापलीकडेही मार्ग आहेत. कुठला मार्ग कुणासाठी, ते ठरवायला हा आढावा.

आधी बघा, नेमकं गेलं काय

सगळ्या प्रकरणांचं वजन सारखं नसतं. सगळ्यात जड प्रकरण म्हणजे फोनची मूळ ताकदच कमी होणं. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ४ए या फोनला एक अपडेट पाठवलं. त्यानंतर त्यातल्या काही फोनची बॅटरी पूर्वीइतकी चार्जच होईना. कारण सुरक्षिततेचं होतं, आणि मोफत बॅटरी, ५० डॉलर किंवा नव्या पिक्सेलवर १०० डॉलरची सूट असे पर्याय कंपनीने दिले. त्याच वर्षी पिक्सेल ६ए वरही तसाच प्रसंग आला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जातो. फ्रान्सने त्यासाठी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड लावला, आणि ठपका ठेवला तो ग्राहकांना न सांगितल्याचा. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने तर २०१८ मध्येच जुने फोन मंदावणाऱ्या अपडेटबद्दल अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता.

दुसरा प्रकार आपल्याकडे फार जणांनी सोसलेला: कॉल रेकॉर्डिंग. मे २०२२ मध्ये गूगलने प्ले स्टोअरचे नियम बदलले, अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या परवानगीतून (ही अपंगांना फोन वापरता यावा म्हणून असते) कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली, आणि ट्रूकॉलरसह अनेक अ‍ॅपमधली ती सोय बंद झाली. ऑर्डर फोनवर घेणारे दुकानदार, साइटवरचे कंत्राटदार, सगळ्यांची अडचण झाली. पण कायद्याच्या नजरेतून हे प्रकरण हलकं आहे. सोय फोन कंपनीने विकलेली नव्हती, तिसऱ्याच कंपनीच्या अ‍ॅपची होती. फोनच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत कॉल रेकॉर्डिंगचा उल्लेख असेल तरच गोष्ट वेगळी.

तिसरा प्रकार जाणकारांचा. सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ८ या आपल्या सिस्टीमच्या आवृत्तीसोबत बूटलोडर (फोनवर कुठली सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारं कुलूप) अनलॉक करायचा पर्यायच काढला. ज्यांना ही सोय हवी असते त्यांच्या दृष्टीने फोनवरची मालकीच गेली, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण ही सोय कुणी जाहिरातीत मिरवत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगापुढे 'हे आश्वासन दिलं होतं' असं दाखवणं कठीण जातं.

तुमचं प्रकरण या तीनपैकी कशात बसतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

अपडेट घ्यायचंच नाही

हा मार्ग फुकट आहे. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन आपोआप होणारं सिस्टीम अपडेट बंद करता येतं, आयफोनमध्येही सेटिंगमधून. अपडेट आलंय पण अजून बसवलेलं नाही आणि त्यात काहीतरी काढलंय अशी चर्चा आहे, अशा वेळी महिनाभर थांबणं शहाणपणाचं.

कायमचा उपाय म्हणून मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येतात, आणि ज्या फोनवर यूपीआय चालतं तो उघडा ठेवणं परवडत नाही. शिवाय कंपनी दुसऱ्या बाजूने अडवू शकते. फोनबाहेरचं, पण या वादातलं सगळ्यात बोलकं उदाहरण सोनीचं आहे. प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रावर लिनक्स ही संगणकाची सिस्टीम चालवायची सोय कंपनीने विकताना दिली होती आणि १ एप्रिल २०१० च्या अपडेटने काढली. अपडेट घेतलं तर लिनक्स गेलं, न घेतलं तर ऑनलाइन खेळायचं नेटवर्क गेलं. पैसे दोन्हींचे दिलेले होते. अमेरिकेतला तो खटला २०१८ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. आठ वर्षं लागली.

मागच्या व्हर्जनवर जायचं किंवा रॉम टाकायची

इथे हौस आणि धोका दोन्ही आहेत, म्हणून थोडक्यात पण स्पष्ट. आयफोनवर जुनी आवृत्ती अ‍ॅपल थोड्याच दिवसांत बंद करते, त्यानंतर परतीचा रस्ता नाही. अँड्रॉइडमध्ये फोनागणिक फरक आहे. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ टाकल्यावर १२ वर परतता येत नव्हतं. पिक्सेल ४ए च्या वेळी तर जुन्या आवृत्त्यांच्या फाइलीच अधिकृत साइटवरून काढल्या गेल्या. बूटलोडर अनलॉक केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. सॅमसंगमध्ये नॉक्सची खूण (सिस्टीममध्ये फेरफार झाल्याची फोनमधली नोंद) एकदा बदलली की सिक्योर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट कायमचं बंद. बँकेची अ‍ॅप उघडायला नकार देतात, आणि ओटीटीवर हाय डेफिनिशन चित्र मिळेनासं होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट, जी रॉम टाकणारे विसरतात: फोन मूळ स्थितीत राहिला नाही की तक्रारीतला तुमचा मुख्य पुरावा गेला. कंपनी पहिलं उत्तर हेच देईल की ग्राहकाने सॉफ्टवेअरमध्ये फेरफार केलाय. दुसरा फोन हाताशी असेल आणि तक्रार करायचीच नसेल, तर जरूर करा. एकुलत्या एका फोनवर नको.

कंपनी देते ते घ्यायचं

कंपनीने स्वतःहून बॅटरी, रोख किंवा सूट देऊ केली असेल तर हा सगळ्यात जलद मार्ग. निवडीचा क्रम माझ्या मते साधा आहे: मोफत दुरुस्ती पहिली, रोख दुसरी, नव्या फोनवरची सूट सगळ्यात शेवटी. सूट घेतली तर तुम्ही त्याच कंपनीला पुन्हा पैसे देता. रोख घेतली तर अधू फोन तसाच राहतो, पण निदान पैसा तुमचा. बॅटरी बदलून गेलेली ताकद परत मिळणार आहे का, हे मात्र आधी लेखी विचारा. शेवटची तारीखही बघा, अशा योजना वर्षभरात बंद होतात. आणि भरपाईच्या अर्जात 'यापुढे कुठलाही दावा करणार नाही' असं वाक्य असेल, तर सही करण्याआधी ते दोनदा वाचा.

१९१५, आणि मग जिल्हा आयोग

इथे जरा थांबून बोलावं लागेल, कारण लोकांना वाटतं त्यापेक्षा हा मार्ग सोपा आहे, आणि एक-दोन ठिकाणी वाटतं त्यापेक्षा अवघडही.

पहिली पायरी सर्व्हिस सेंटर. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, 'सॉफ्टवेअरचा इश्यू आहे, रिसेट मारून देतो.' रिसेटने काढलेली सोय परत येत नाही, आणि डेटा जातो. रिसेट करू देऊ नका. जॉबशीट (फोन तपासायला घेतल्याचा सेंटरचा कागद) मागा आणि तिच्यावर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या: अमुक तारखेच्या अपडेटनंतर अमुक सोय बंद. 'फोनमध्ये दोष आढळला नाही' असा शेरा मारला तरी चालेल. फोन ठीक आहे आणि सोय नाही, म्हणजे ती अपडेटनेच गेली, हे त्या शेऱ्यातूनच दिसतं.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीसह १७ भाषांत तक्रार नोंदवता येते, खर्च काही नाही. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तक्रार पुढे पाठवते आणि उत्तर मागते. तरी ही पायरी टाळू नका. आयफोनच्या आयओएस १८ अपडेटनंतरच्या तक्रारी याच हेल्पलाइनवर साठल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅपलला नोटीस काढली. अनेकांची तक्रार एकाच ठिकाणी जमली की असं होतं. प्राधिकरण सगळ्या ग्राहकांच्या वतीने बघतं. तुमच्या एका फोनची भरपाई हवी असेल तर आयोगातच जावं लागतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी चंद्रपूरचा ग्राहक चंद्रपूरलाच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं, कारण घडलं तेव्हापासून. म्हणून अपडेटची तारीख नीट जपा. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायची झाली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ती तयारी ठेवा.

आता अवघड भाग. कंपनी म्हणणार, अटींमध्ये लिहिलंय की आम्ही केव्हाही बदल करू शकतो. तुम्हाला वाटेल, ही अटच अन्यायकारक ठरवून घेऊ. कायद्यात अन्यायकारक कराराची तरतूद आहे खरी, पण ती तक्रार जिल्हा आयोग ऐकू शकत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्यातच काम व्हायला हवं असेल तर तक्रारीचा पाया दुसरा ठेवा: वस्तूतला दोष, दिशाभूल करणारी जाहिरात, अनुचित व्यापार प्रथा. विकताना जे सांगितलं ते आता फोन करत नाही, आणि अपडेटच्या वेळी ते जाणार असल्याचं सांगितलं नाही, एवढ्या दोन मुद्द्यांवर उभं राहा.

दुसरी अडचण व्यापाऱ्यांची. फोन दुकानाच्या नावाने, जीएसटीचं बिल घेऊन खरेदी केला असेल तर 'व्यावसायिक वापर, म्हणून ग्राहकच नाही' असा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्याने सूट दिलेली आहे, तसं तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

निर्णय प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर होतो, म्हणून पुरावा हाच सगळा खेळ. बिल, खोक्याचे फोटो, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा बिल्ड नंबर (फोनमधल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक), अपडेटची माहिती दाखवणारा स्क्रीनशॉट, आणि खरेदीच्या वेळचं जाहिरातीचं पान. हे शेवटचं जवळपास कुणाकडेच नसतं, आणि कंपन्या जुनी पानं बदलतात. पुढचा फोन घ्याल त्या दिवशी ते पान पीडीएफ करून ठेवा.

तर कोणी काय निवडावं

बॅटरी, वेग, कॅमेरा असं जाहिरातीतलं काही गेलं असेल आणि फोन दोनेक वर्षांच्या आतला असेल, तर मी आयोगापर्यंत जाईन. सुरक्षेचं खरं कारण असेल आणि कंपनी बॅटरी बदलून देत असेल, तर तिथेच मिटवीन. पेट घेऊ शकणारी बॅटरी हक्क म्हणून वापरत राहण्यात अर्थ नाही. जुन्या फोनवर, जिथे आयोगात मिळणारी रक्कम घसारा धरून थोडीच असेल, तिथे १९१५ वर नोंद आणि कंपनीची भरपाई पुरे. तिसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपची सोय गेली असेल तर भांडण्यात वेळ घालवू नका, पुढचा फोन कॉल रेकॉर्डिंग अंगचंच असलेला घ्या. आणि बूटलोडर उघडा हवा असणाऱ्यांनी ते खरेदीपूर्वीच तपासावं, अपडेट लांबवावं, आणि तरीही १९१५ वर लिहावं, कारण या प्रकाराची नोंद आपल्याकडे फार कमी होते.

तक्रारीचा मजकूर लांबवायची गरज नाही. नमुना असा:

'मी दि. … रोजी … या दुकानातून … हा फोन रु. … ला घेतला. विक्रीच्या वेळी कंपनीच्या जाहिरातीत … ही सोय असल्याचे नमूद होते (प्रत सोबत). दि. … रोजीच्या अपडेटनंतर ती सोय बंद झाली. अपडेटच्या माहितीत याचा उल्लेख नव्हता व माझी वेगळी संमती घेतली नाही. सोय पूर्ववत करावी. ते शक्य नसल्यास फोन बदलून द्यावा किंवा वाजवी रक्कम परत करावी. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.'

हे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, खोक्यावर छापलेल्या उत्पादक किंवा आयातदाराच्या पत्त्यावर एक प्रत स्पीड पोस्टाने. १५ दिवस उलटले की हाच मजकूर १९१५ वर, आणि तिथूनही काही झालं नाही तर तारखा आणि जॉबशीट जोडून ई-जागृतीवर. प्रतिवादी म्हणून उत्पादक किंवा आयातदार आणि विक्रेता दोघांचीही नावं घाला, म्हणजे 'ते आमच्याकडे येत नाही' असं म्हणायला जागा राहत नाही. कुठे अडलं तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.