दुकानात काय भरावे : ॲक्रिलिक लोकर की सुती धागा?

पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे थंडीचा मोसम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो, तिथे लोकरीचे छोटे दुकान चालवणाऱ्याला हा प्रश्न दर दिवाळीपूर्वी पडतो.

ॲक्रिलिक स्वस्त आणि वजनाला हलके असते, त्याला कसर लागत नाही आणि ते सहज धुता येते. शिवाय त्याचे टाके ताणून पुन्हा जागेवर येत असल्यामुळे नवशिक्या हातांची ओढाताण ते खपवून घेते. मात्र गरम इस्त्री टेकली की विण कायमची चपटी होते, आणि घाम शोषला जात नसल्याने तान्ह्या बाळाचे झबले त्याचे करू नये, असे दुकानात विणायला बसणाऱ्या आजी ठामपणे सांगतात.

सुती धागा घाम टिपतो आणि बाराही महिने खपतो. क्रोशाची तोरणे, रुमाल, पिशव्या यांना तोच शोभतो. पण त्यात लवचीकपणा कमी असल्याने स्वेटरची उलट-सुलट टाक्यांची पट्टी काही दिवसांत सैल पडते, आणि सुईवर टाके घट्ट बसल्याने बोटेही लवकर दुखतात.

रंगाच्या लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याच्या खेपेची, कटकट मात्र दोन्हींत सारखीच. एक बाही विणून झाल्यावर 50 ग्रॅमचा आणखी एक गुंडा मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याच रंग-क्रमांकाच्या, पण दुसऱ्या लॉटच्या गुंड्यातला फरक उन्हात धरल्यावरच दिसतो.

माझ्यापुरते सांगायचे, तर दोन फळ्या सुताच्या आणि एक ॲक्रिलिकची, नोव्हेंबरात उलट.