नाला की कालवा? शहराच्या पुराची पाहणी कोठून सुरू करावी

खानदेशातील एखाद्या लहान नगरपरिषदेकडे पावसाळ्यापूर्वी एकाच पाहणीपुरता पैसा आणि वेळ असेल, तर वस्तीतून वाहणारा नाला आधी तपासावा की शहराच्या वरच्या अंगाने जाणारा कालवा, हे ठरवणे सोपे नाही. पाणी दोन्हीकडून येऊ शकते, पण येण्याची रीत वेगळी आहे.

नाल्याचा धोका पावसाशी बांधलेला आहे आणि त्याचा ढोबळ अंदाज कोणालाही काढता येतो. एक हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील निम्मे पाणी त्याच तासात वाहून आले, तर नाल्यातून सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी जावे लागते. चार मीटर रुंद आणि दीड मीटर उंच मोरीतून मात्र सेकंदाला दोन मीटर वेगाने जेमतेम १२ घनमीटर जाते. उरलेले पाणी रस्त्यावर आणि घरांत येते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले, तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शहराला सावरायला किती थोडा वेळ मिळतो, हे सगळ्यांनी पाहिले.

पुराचे पाणी कुठवर येईल हे दाखवणाऱ्या रेषांपैकी निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर आल्यावर पुढची २४ वर्षे निर्धास्त असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के असते, आणि तीस वर्षांच्या वास्तव्यात तो एकदा तरी येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. घर बांधणाऱ्याला हा आकडा कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कालव्याचे पाणी मोजून सोडलेले असते आणि दार बंद करून थांबवता येते. गिरणेवरील जामदा बंधाऱ्यातून निघणारे डावा व उजवा कालवे असेच चालतात. धोका असतो तो भरावाच्या टप्प्यात, जिथे पाणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खेकडे आणि घुशी बिळे करतात, आणि आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की तिथूनच पाझर सुरू होतो. त्यासाठी पाऊस लागत नाही: पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा कालवा भरदिवसा फुटला आणि वस्तीत पाणी घुसले. तरीही एकंदर पाण्याला मर्यादा असल्यामुळे आणि भरावावरून एक फेरी मारली तरी ओल, खचलेली कड, बाभळीची मुळे दिसत असल्यामुळे, ही पाहणी मी स्वस्त आणि लवकर होणारी मानतो.

म्हणून माझे मत नाल्याकडे झुकते. मात्र नाल्याची पाहणी तो कालव्याखालून जातो त्या मोरीपासून सुरू व्हावी. पावसाळ्यात कालवा कोरडा असला तरी त्याचा भराव बांधासारखा आडवा उभा असतो. मोरी गाळाने आणि प्लॅस्टिकने अर्धी बुजली, की वरच्या बाजूला तळे साचते, आणि पाणी भरावावरून ओसंडले तर भराव कापला जाऊन साचलेले सगळे पाणी एकदम खाली येते. स्थलदर्शक नकाशावरील समोच्च रेषांवरून, म्हणजे दर वीस मीटर उंचीला सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, हे कळणार नाही. तिथे डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण, लावून तीन उंची घ्याव्या लागतील: मोरीचा तळ, भरावाचा माथा आणि वरच्या बाजूच्या सर्वांत सखल घराचा उंबरठा. उंबरठा माथ्यापेक्षा खाली निघाला, तर कालव्यावरून पाणी ओसंडण्याआधीच ते त्या घरात शिरलेले असेल, आणि त्या ओळीतील घरांना इशारा देण्याची व्यवस्था मोरी साफ करण्याइतकीच तातडीची ठरते.