एकटी बाई, दोन उजेड: हळदणकर आणि हॉपर

फोंड्याला दिवाणखान्याची भिंत रिकामी आहे आणि घरात दोन मतं आहेत. आईला चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हवंय, मला अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं ‘ऑटोमॅट’.

आईची बाजू भक्कम आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, पुढे सावंतवाडी, हळदणकर तिथलेच. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलीला समोर उभं करून हातात दिवा घेतलेल्या बाईचं हे चित्र काढलं, तेही जलरंगात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर धरलेला हात पाहा: बोटांच्या कडा आतून तांबूस पेटल्यासारख्या दिसतात. जलरंगात चुकलेला हात पुसून टाकता येत नाही, म्हणून ती बोटं मला थक्क करतात. ही बाई एकटी असली तरी एकाकी वाटत नाही. तुळशीपुढे दिवा लावायला निघालेली घरचीच कुणी वाटते.

१९२७ च्या ‘ऑटोमॅट’मध्ये नाणं टाकून खाणं घ्यायच्या उपाहारगृहात एक बाई कॉफी घेऊन बसलीय. एका हातात हातमोजा घातलेला, दुसरा हात उघडा. समोरची खुर्ची रिकामी. मागच्या काळ्या काचेत दिव्यांच्या दोन रांगा दूरवर गेल्यात, पण त्या काचेत तिचं प्रतिबिंब नाही! ती कुणाची वाट पाहतेय, की कुणाला सोडून आलीय? हॉपर सांगत नाही, आणि मला तेच आवडतं. हळदणकरांच्या चित्राला नावानेच अर्थ लावून दिलाय.

तरी रोज येता-जाता दिसणाऱ्या भिंतीवर आईचंच चित्र शोभेल. हॉपर माझ्या टेबलासमोर लावेन.