जाहिरात, वर्गणी की ऐच्छिक मदत? छोटी मराठी बातमी-साइट काढणाऱ्यांसाठी

साइट काढायची ठरली की पहिली बैठक बहुतेक वेळा रंग आणि लोगोवर खर्च होते. अशा बैठकांना मी बसलो आहे आणि दर वेळी एकच विनंती करतो: पान नंतर आखू, आधी पैसे कोण देणार ते ठरवा. जाहिरातदार देणार असेल तर वाचकानं जास्तीत जास्त पानं उघडावीत असा आराखडा लागतो. वाचक देणार असेल तर त्यानं एक लेख शेवटपर्यंत वाचावा आणि उद्या पुन्हा यावं, असा आराखडा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर सुखानं नांदत नाहीत.

उदाहरणासाठी जिल्ह्याच्या गावी तिघांनी चालवलेली साइट घेऊ. प्रत्येकाला महिना 25,000 रुपये मिळावेत, म्हणजे 75,000. समजा, आपोआप येणाऱ्या जाहिरातींतून हजार पानांमागे 40 रुपये पडतात. मग महिन्याला पावणेएकोणीस लाख पानं उघडली गेली पाहिजेत, म्हणजे रोज 62,500. तेच पैसे वार्षिक 600 रुपये वर्गणीतून उभे करायचे तर 1,500 वर्गणीदार पुरतात. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेचे, शेकडा दोन रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरला तर आणखी चाळीसेक वर्गणीदार लागतील. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब कागदावर करून पाहा. जिल्ह्यातली दीड हजार माणसं मिळवणं सोपं नाही, पण त्यांची नावं-गावं तुम्हाला कळू शकतात. रोजच्या 62,500 पानांमागे धावताना बातमीच्या मथळ्याचं काय होतं, हे आपण सगळे पाहतो.

जाहिरातीचा मार्ग तरीही बाद नाही. जिल्ह्यात खरा पैसा असतो तो थेट मिळणाऱ्या जाहिरातींत: वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाहीर नोटीस, नव्या दुकानाचं उद्घाटन, पुण्यस्मरण. त्यांचा दर तुम्ही ठरवता आणि जागाही तुम्ही ठरवता. अशा जाहिरातीला पानावर ठरावीक उंचीची चौकट आधीच राखून ठेवा. नाहीतर ती उशिरा उतरते, मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचकाचं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. गूगल या हलण्याचं मोजमाप करतं आणि 0.1 पर्यंतचा आकडा चांगला मानतं. शुभेच्छांच्या जाहिरातींत एक धोका मात्र आहे. ज्यांचा वाढदिवस छापला, त्यांच्याच संस्थेबद्दल पुढच्या महिन्यात बातमी करावी लागली तर? एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, असा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवलात तर ती बातमी छापताना हात थरथरणार नाही.

आता कुंपण, म्हणजे पेवॉल: पैसे भरल्याशिवाय लेख उघडत नाही. लंडनच्या ‘द टाइम्स’नं जुलै 2010 मध्ये सगळा मजकूर बंद दाराआड नेला आणि ते टिकले. त्याच मालकाच्या ‘द सन’नं ऑगस्ट 2013 मध्ये तेच केलं आणि नोव्हेंबर 2015 मध्ये दार उघडलं. माझ्या मते यातला धडा साधा आहे. जे शेजारी फुकट मिळतं त्याला कोणी पैसे देत नाही. मुख्यमंत्र्यांचा दौरा, क्रिकेट, पावसाचा अंदाज यांवर कुंपण घालू नका. धरणाच्या आवर्तनाचं पाणी कोणत्या चारीला किती दिवस मिळालं, बाजार समितीत आवक आणि भाव यांचं गणित का बिघडलं, जिल्हा परिषदेच्या कोणत्या कामाचं बिल निघालं पण काम झालं नाही, हे तुमच्याशिवाय कोणी देत नसेल तर तिथे पैसे मागायला लाजायचं कारण नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’नं मार्च 2011 मध्ये मीटर लावलं: महिन्याला 20 लेख फुकट, पुढच्या वर्षी 10. रोजच्या प्रचंड मजकुरावर हे चालतं. तुमच्याकडे महिन्याला साठ बातम्या होत असतील तर बहुतेक वाचक त्या मर्यादेपर्यंत पोचणारच नाहीत. शिवाय लॉगिन न मागणारं मीटर ब्राउझरमध्ये मोजलं जातं आणि गुप्त (इनकॉग्निटो) खिडकी उघडली की शून्यावर येतं. छोट्या साइटनं मीटरच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंगळुरूच्या ‘द केन’नं 2016 पासून उलटी वाट धरली: थोडंच लिहायचं, खोल लिहायचं, त्याचे पैसे घ्यायचे. पण व्यवसायविषयक मजकुराचा वर्गणीदार आणि तालुक्याच्या बातम्यांचा वाचक यांच्या खिशात फरक आहे, तो विसरू नका.

कुंपण घालणारच असाल तर मजकूर सर्व्हरवरच अडवा. पूर्ण लेख पानात पाठवून वर फक्त पडदा टाकला तर ब्राउझरच्या वाचन-मोडमध्ये तो सरळ दिसतो. आणि फेसबुकवरून आलेला वर्गणीदार त्या अ‍ॅपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये असतो. तिथे त्याचं लॉगिन नसतं, त्यामुळे पैसे भरलेल्या माणसालाच दार बंद दिसतं. एका साइटसाठी काम करताना सर्वांत जास्त तक्रारी याच आल्या होत्या. पासवर्डऐवजी मोबाइलवर ओटीपी दिल्यावर त्या बऱ्याच कमी झाल्या.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो: लेख सर्वांना खुले आणि ज्यांना परवडतं त्यांच्याकडून वर्गणी. ‘द गार्डियन’ 2016 पासून याच मार्गानं वाचकांकडे पैसे मागत आलं आहे. आपल्याकडे ‘न्यूजलाँड्री’ जाहिराती न घेता वर्गणीदारांवर चालतं, काही मजकूर मात्र फक्त त्यांच्यासाठी ठेवतं. पाण्याची बातमी ज्या शेतकऱ्याच्या चारीची आहे, त्याच्याकडे त्या महिन्यात 600 रुपये नसतील म्हणून ती त्याच्यापासून लपवायची, हे मला पटत नाही. वर्गणीदाराला वेगळं काय द्यायचं? आठवड्याचं पत्र, संपादकांशी महिन्याची बैठक, जुन्या बातम्यांचा शोध. एवढं पुरतं.

परदेशातल्या गावकऱ्यांकडून मदत घेणार असाल तर आधी चार्टर्ड अकाउंटंटला गाठा. परदेशी योगदान नियमन कायदा, 2010 नुसार बातम्या देणाऱ्या संस्थेला परदेशी स्रोताकडून देणगी घेता येत नाही. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवर असलेला भाचा परदेशी स्रोत ठरत नाही, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मावशी ठरते. सेवेच्या बदल्यात घेतलेलं शुल्क आणि देणगी यांत कायदा फरक करतो. त्यामुळे पावतीवर ‘वर्गणी’ लिहायचं की ‘मदत’, हा नुसता शब्दांचा प्रश्न राहत नाही.

मासिक की वार्षिक? वार्षिक. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार निदान एक दिवस आधी सूचना जाते. महिन्याला 50 रुपये ठेवले तर वर्षात बारा वेळा वाचकाला ‘हे बंद करू का’ असा विचार करायला लावता. ‘वार्षिक वर्गणी’ हा शब्द तर साप्ताहिकं आणि मासिकं घरी मागवणाऱ्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आता पान. एकच स्तंभ, बाजूला काही नको, कारण वाचक फोनवर आहे. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली येतात, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या आकाराच्या 1.7 पट ठेवा. दोन्ही कडा जुळवू नका. ‘महानगरपालिकेच्या’सारखा एक शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे मोठ्या फटी पडतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, तेव्हा मजकुरासाठी एकच वजन (अक्षराची जाडी), मथळ्यासाठी दुसरं, त्यापुढे नाही. ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का, तेही पाहा. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट खास त्यासाठीच आहे.

वर्गणीचं आवाहन लेखाच्या शेवटी, दोन वाक्यांत. वाचायला सुरुवात करताच तोंडावर येणारी खिडकी मुळीच नको. तिथे नुसता क्यूआर कोडही ठेवू नका, कारण ज्या फोनवर लेख उघडला आहे, त्याच फोननं तो स्कॅन कसा करणार? यूपीआय अ‍ॅप थेट उघडणारं बटण द्या.

आणि वर्गणीची मोहीम जूनमध्ये काढू नका. त्या महिन्यात बियाणं, खतं आणि मुलांच्या शाळेचा खर्च असतो. जिल्हा सोयाबीन-कापसाचा असेल तर माल विकून दिवाळीच्या पुढे-मागे हातात पैसे येतात, तेव्हा मागा, आणि नूतनीकरणाची तारीखही त्याच सुमाराला ठेवा.