‘पारशी घरातलं’ काचेचं कपाट: तपासून घेतलं, तरी फसले

आई गेल्यावर तिच्या वस्तूंतून मी एकच गोष्ट मागून घेतली, तिचा कपबश्यांचा सेट. बारा कप, बारा बशा. पांढऱ्यावर निळी वेल आणि काठाला झिजत आलेली सोनेरी रेघ. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तो कायम वर्तमानपत्रात गुंडाळून लोखंडी कपाटात असायचा; मोठं कुणी घरी आलं तरच बाहेर यायचा. माझ्या ठाण्याच्या घरी तो रोज डोळ्यांसमोर राहावा, एवढंच मनात होतं. त्यासाठी काचेचं कपाट घ्यायला निघाले आणि बावन्न हजारांना फसले. आईचे तीन कपही गेले. जुनं फर्निचर घ्यायच्या विचारात असाल तर हे शेवटपर्यंत वाचा, कारण मी डोळे झाकून घेतलं नव्हतं. तपासून घेतलं होतं.

मुंबईत जुन्या फर्निचरच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मॅडम, पारसी के घर का माल है.” ते ऐकलं की आपण निम्मे तयार होतो. पारशी घरांत चांगलं सागवान असायचं आणि ते जिवापाड जपलं जायचं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. मला दाखवलेल्या कपाटाला तर पूर्ण गोष्टच होती: दादरच्या पारशी कॉलनीतल्या आजी मुलाकडे परदेशी चालल्या, घर रिकामं करायचंय, ‘१९२० का पीस’, ‘प्योर बर्मा टीक’.

कपाट दिसायला सुंदर होतं. साडेपाच फूट उंच, दोन काचेची दारं, खाली दोन खण, पितळी कड्या. दुकानदाराने मला दाराजवळ उभं करून म्हटलं, “काच में से देखो.” आरपार बघितलं तर पलीकडची ट्यूबलाइट लाटेसारखी हलत होती. जुनी काच अशीच दिसते हे मला माहीत होतं. वितळलेल्या कथिलावर काच पसरवून ती अगदी सपाट करायची पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली. त्याआधीच्या साध्या काचेत बहुधा हलक्या लाटा असतात. मग त्याने दाराच्या आतल्या कडेला पटाशीने जरासं खरवडून दाखवलं. सोनेरी तपकिरी लाकूड, आणि सागवानाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास. दोन्ही गोष्टी अस्सल होत्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

कपाट भिंतीला चिकटून, दोन टेबलं आणि एका पाळण्याच्या मागे अडकवून ठेवलेलं होतं. मागची बाजू बघायची तर चार माणसं लागली असती. मी एकदा म्हटलंही. “पीछे क्या देखोगे मॅडम, पीछे तो दीवार है,” असं म्हणून त्याने चहा मागवला. मी चहा घेतला. तिथेच माझं चुकलं.

अडुसष्टवरून बावन्नवर सौदा ठरला. वीस हजार यूपीआयने, बाकीचे घरी माल पोचल्यावर रोख. पावती म्हणून एक चिठ्ठी मिळाली: ‘जुने कपाट, १ नग’. लाकूड कुठलं, किती जुनं, काही नाही. टेम्पो रात्री नऊनंतर आला. पॉलिश नुकतंच मारलेलं, अंगावर चकाकी, जिन्यात अंधार. दोन माणसांनी कपाट भिंतीला लावलं आणि पैसे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी आईचे कप मांडले. खूप वेळ बघत बसले होते.

जूनच्या अखेरीस खालच्या फळीवरच्या बशीत पांढुरकी पूड दिसली. मैद्यासारखी, बोटांत धरली तर खरखरसुद्धा न लागणारी. भिंतीचा चुना असेल म्हणून पुसली. आठवड्याने परत तेवढीच. मग टॉर्चने बघितलं तेव्हा फळीच्या खालच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली. दुकानदाराला फोन केला. तो अजिबात चिडला नाही, उलट मायेने बोलला: “पुरानी चीज है, थोडा कीडा रहता है, आदमी भेजता हूँ.” त्याच्या माणसाने घासलेटाचा वास येणारं काहीतरी फवारलं, भोकांत रंगवलेलं मेण दाबलं आणि साडेसहा हजार घेतले. म्हणजे एकाच कपाटापायी दोनदा फसवणूक. पंधरा दिवसांत पूड पुन्हा पडायला लागली.

जुलैमध्ये एका रात्री स्वयंपाकघरात असताना आवाज आला. मधली फळी ज्या खुंट्यांवर टेकली होती त्यातली एक, आजूबाजूच्या पोखरलेल्या लाकडासकट निखळली होती. फळी तिरकी होऊन तीन कप घसरले. नेमके कान असलेल्या बाजूने पडले. तुकडे मी अजून टाकलेले नाहीत.

मग माझ्या मावसभावाने सावंतवाडीकडच्या एका जुन्या सुतारांना आणलं. त्यांनी आधी कपाट भिंतीपासून ओढलं, टॉर्च हातात दिला आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच बघा, मी नंतर बोलतो.” मागचा तक्ता प्लायवुडचा होता. तो प्लस तोंडाच्या स्क्रूंनी बसवलेला. हे स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले. १९२० च्या कपाटात ते असतील कसे? बाजूच्या फळ्यांना कुसूचे, म्हणजे लाकडात लाकूड खोचून केलेले सांधे नव्हते, खिळे आणि फेविकॉल होतं. पायाच्या तळाला, जिथे पॉलिशवाल्याचा हात पोचला नव्हता, तिथे लाकूड फिकट, मळकट पांढरं होतं. शंभर वर्षांचं न रंगवलेलं लाकूड हवेने काळपट पडतं. हे तसं मुळीच नव्हतं.

नंतर त्या सुतारकाकांनी स्पिरिटमध्ये बुडवलेलं फडकं दाराच्या आतल्या चौकटीवर धरलं. फडकं तपकिरी, चिकट झालं: म्हणजे जुनं लाखेचं पॉलिश, जे स्पिरिटमध्ये विरघळतं. तेच फडकं कपाटाच्या अंगावर घासलं तर काहीच निघालं नाही: म्हणजे मेलामाइन, हल्लीचं, फवाऱ्याने मारलेलं पॉलिश. एकाच कपाटाच्या दोन भागांना दोन काळांतली पॉलिशं.

“दारं खरी आहेत हो ताई. उत्तम सागवान. बाकी सगळं रबरवुड, वर डाय मारलाय.”

असं कपाट विकणाऱ्याला तुम्ही जिथे तपासणार ते ठाऊक असतं. काचेतल्या लाटा, लाकडाचा वास, पितळी कड्या, सगळं दारावरच असतं आणि तो तुम्हाला दारापाशीच उभं करतो. रबरवुड, म्हणजे रबराच्या झाडाचं लाकूड, मुळात वाईट नाही, पण त्यात पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं आणि ही बारीक पूड पाडणारी कीड त्यावरच जगते. कापल्याबरोबर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली तर ते टिकतं. पॉलिश चढल्यावर वरून काहीही फवारा, आत शिरत नाही. सागवानाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही, म्हणून माझी दारं शाबूत राहिली. सागवानाचं कपाट म्हणून घेतलेल्या वस्तूखाली मैद्यासारखी पूड दिसली, तर त्याच दिवशी मागची बाजू उघडून बघा. माझ्यासारखा महिना घालवू नका.

‘बर्मा टीक’ हा शब्दही किती सैल वापरला जातो ते काकांमुळे कळलं. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, अख्ख्या ओंडक्यांची निर्यात एप्रिल २०१४ पासून बंद केली, तरी दुकानांत प्रत्येक तपकिरी वस्तू बर्माचीच. आपल्या गडचिरोलीतल्या आल्लापल्लीचं सागवान कुठे कमी आहे, असं ते तळमळून म्हणाले. त्यांनी एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटींचं लाकूड मिळवून, माझ्या जुन्या दारांच्या मापाने नवा सांगाडा केला. दारांवर हाताने लाखेचं पॉलिश केलं, मध्ये पॉलिश पेपर मारत, पाच दिवस. फळ्या जाड ठेवल्या आणि मागच्या बाजूला आडवी खाच काढली म्हणजे बशा उभ्या टेकून राहतात. कपाट आता भिंतीपासून दोन इंच पुढे आहे. आमची ती भिंत पावसात ओल धरते. कप एकावर एक ठेवत नाही. लाखेवर गरम भांडं किंवा ओला पेला टेकवला तर पांढरा डाग पडतो, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

पैशांचं सांगते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा आला आणि माझ्या चिठ्ठीवर ‘सागवान’ हा शब्दच नव्हता. वाचवलं ते व्हॉट्सॲपने: ‘प्योर बर्मा टीक, १९२० का पीस’ हे त्याने फोटोंसह स्वतः लिहून पाठवलेलं होतं. ते मेसेज, यूपीआयची नोंद आणि काकांनी सांगाडा उघडताना काढलेले फोटो जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला ग्राहक आयोगाचं शुल्क लागत नाही. तक्रारीपर्यंत गेले नाही. पंधरा हजारांवर तडजोड केली, कारण घरात आजारपण निघालं होतं. त्याची बोच अजून आहे. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर लाकडाचं नाव, ‘पूर्ण कपाट’ हे शब्द आणि अंदाजे साल लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरा. आणि माल दिवसाउजेडीच घरात घ्या.

ते पंधरा हजार घ्यायला मीच गेले होते. मालक आत फोनवर होता, म्हणून मागच्या पडवीत थांबले. तिथे भिंतीला टेकवून जुनी काचेची दारं ठेवलेली होती, दहा-बारा तरी, पितळी कड्यांसकट. बाजूला पांढऱ्या फळ्यांची थप्पी होती आणि एक मुलगा डायचा डबा ढवळत होता.