नव्या फोनवर जुनी अ‍ॅप्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

नव्या फोनचा कॅमेरा, बॅटरी, स्क्रीन यांवर भरपूर लिहिलं जातं. वर्षानुवर्षं वापरातली अ‍ॅप्स त्यावर चालतील का, हे मात्र विकत घेण्याआधी मला कुठे नीट वाचायला मिळालं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जुना फोन अँड्रॉइड ८ वर होता. नवा अँड्रॉइड १५ वर आहे आणि त्याचा प्रोसेसर फक्त ६४-बिट अ‍ॅप्स चालवतो, जुन्या ३२-बिट प्रकारची नाही. कंपनी कोणती याने फरक पडत नाही, कारण पुढे लिहिलेलं जवळजवळ सगळं या दोन गोष्टींमुळे घडलं.

ज्या अ‍ॅप्सना नियमित अपडेट मिळतात त्यांची काळजी करू नका. मेसेजिंग, मेल, नकाशे पहिल्याच दिवशी जागेवर आले. बँकेच्या अ‍ॅप्सची नोंदणी पुन्हा करावी लागली, पण ते बरोबरच आहे. त्यांच्या सुरक्षा-किल्ल्या त्या त्या फोनच्या आतच तयार होतात आणि बाहेर काढता येत नाहीत. लॉगिनचे कोड देणारं अ‍ॅप असेल तर जुना फोन हाताशी असतानाच त्यातली खाती नव्यात हलवून घ्या.

खरी कसोटी लागते ती डेव्हलपरने काम थांबवलेल्या अ‍ॅप्सची. माझ्याकडे अशी चार होती: एक ऑफलाइन शब्दकोश, खर्चाची वही, कोड्यांचा खेळ आणि ब्लूटूथ वजनकाट्याचं अ‍ॅप.

शब्दकोश आलाच नाही. प्ले स्टोअरवर हे अ‍ॅप या फोनसाठी उपलब्ध नाही असं दिसलं, आणि जुन्या फोनवरून काढलेली एपीके, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइलही इन्स्टॉल होईना. कारण शोधल्यावर कळलं की त्याचा शोध-यंत्रणेचा भाग सी++ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे आणि तो फक्त ३२-बिटसाठी तयार केलेला आहे. गूगलने ऑगस्ट २०१९ पासून नव्या अ‍ॅप्सना आणि अपडेट्सना ६४-बिट आवृत्तीची अट घातली, आणि ऑगस्ट २०२१ पासून केवळ ३२-बिट असलेली अ‍ॅप्स ६४-बिट फोनना देणं बंद केलं. तरी बरीच वर्षं प्रोसेसर दोन्ही चालवत होते, त्यामुळे एपीके टाकून काम भागायचं. २०२२ च्या, गूगलच्या पिक्सेल ७ पासून फक्त ६४-बिट चालवणारे फोन येऊ लागले आणि ती वाटही बंद होत चालली. आयफोनवाल्यांनी हा धक्का २०१७ मध्येच, आयओएस ११ सोबत, सोसला होता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अ‍ॅप किती जुनं आहे यावरून ते ३२-बिटमध्ये अडकेल का हे ठरत नाही. जे अ‍ॅप निव्वळ जावा किंवा कोटलिन या भाषांमध्ये लिहिलेलं आहे, त्यात प्रोसेसरनुसार वेगळा भाग नसतो, त्यामुळे ३२ की ६४ हा प्रश्नच त्याला येत नाही. माझी खर्चाची वही शब्दकोशापेक्षा जुनी आहे, आणि ती आज नव्या फोनवर चालते आहे.

अर्थात सहजासहजी नाही. ती अँड्रॉइड ५ च्या काळातली आहे. अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांवर बेतलेली अ‍ॅप्स नव्याने इन्स्टॉल होत नाहीत, आणि अँड्रॉइड १५ ने ती मर्यादा आणखी एक आवृत्ती पुढे नेली. मला हा निर्णय पटतो. अँड्रॉइड ६ च्या आधी अ‍ॅपला सगळ्या परवानग्या इन्स्टॉल करतानाच मिळून जात, आणि घातक अ‍ॅप्स मुद्दाम स्वतःला जुनं म्हणवून त्याचा फायदा घेत. ज्याला अ‍ॅपची खात्री आहे त्याच्यासाठी संगणकाला फोन जोडून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनाच्या कमांडने ही अट ओलांडायची सोय ठेवलेली आहे. मी तीच वापरली. उघडल्यावर आधी परवानग्यांची यादी आली, मग हे अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलं आहे अशी सूचना. स्क्रीनच्या कडेला काळ्या पट्ट्याही दिसतात, कारण त्या काळच्या अ‍ॅप्सना एवढी लांब स्क्रीन ठाऊकच नव्हती. हिशेब मात्र चोख.

आणि आतल्या नोंदी? त्या आपोआप आल्या नाहीत. अँड्रॉइडचा स्वयंचलित बॅकअप अँड्रॉइड ६ च्या नियमांवर बेतलेल्या किंवा त्यानंतरच्या अ‍ॅप्सनाच मिळतो, तोही प्रत्येकी २५ एमबीपर्यंत आणि डेव्हलपरने नाकारला नसेल तर. वहीत सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल काढायची आणि परत घ्यायची सोय होती म्हणून इतक्या वर्षांचे हिशेब वाचले. कुठलंही अ‍ॅप निवडताना मी आता सगळ्यात आधी हीच सोय बघते. अ‍ॅप गेलं तर दुसरं मिळतं, नोंदी गेल्या तर गेल्याच.

कोड्यांचा खेळ स्टोअरमध्ये शोधून सापडत नाही. फार मागे राहिलेली अ‍ॅप्स नव्या अँड्रॉइडवरच्या नव्या लोकांना दाखवली जात नाहीत. पण ज्यांनी ती आधी घेतली आहेत त्यांना पुन्हा उतरवता येतात. त्याच खात्याने लॉगिन करून, माझ्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो मिळाला. पातळ्या पहिल्यापासून खेळाव्या लागल्या.

वजनकाटा जोडला जातो, फक्त लोकेशन चालू ठेवून. अँड्रॉइड १२ च्या आधीच्या अ‍ॅप्सना आसपासचं ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि हे अ‍ॅप त्याच काळात अडकलं आहे. मी ती परवानगी 'अ‍ॅप वापरताना' एवढीच दिली आहे. त्यामुळे आधी अ‍ॅप उघडायचं, मग काट्यावर उभं राहायचं. सवय झाली.

या महिन्यांत चालू झालेलं एकही अ‍ॅप नंतर बंद पडलं नाही. अडलं ते सगळं इन्स्टॉल करतानाच. म्हणून जुना फोन लगेच एक्स्चेंजमध्ये देऊ नका किंवा पुसू नका. महिनाभर दोन्ही फोन शेजारी ठेवले तर काय राहिलं ते कळतं. पुढच्या खरेदीच्या वेळी आणखी एक अट बघावी लागेल: अँड्रॉइड १५ ने मेमरीच्या १६ केबी पानांची (मेमरी ज्या तुकड्यांत वाटली जाते त्यांची) सोय आणली आहे. पूर्वीची पानं ४ केबीची. तसा फोन घेतला तर सी++ चे भाग असलेली अ‍ॅप्स पुन्हा तयार करावी लागतील.

शब्दकोश अजून जुन्या फोनवरच उघडते. त्याच्या डेव्हलपरला मी लिहिलं आहे. मूळ कोड त्यांच्याकडे शिल्लक असेल, तर त्यातूनच ६४-बिटसाठी पुन्हा तयार (कंपाइल) करणं शक्य आहे. तसं झालं तर मी त्याचे पुन्हा पैसे द्यायला तयार आहे, आणि हेही त्यांना कळवलं आहे.